ध्वजाविना सुवर्णपदक: सेबॅस्टियन को आणि ऑलिम्पिक बहिष्काराचे राजकारण

धावण्याचे मैदान सोडल्यावर पार्लमेंटात जाण्याची परंपरा ब्रिटनमध्ये जुनी आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवणारे फिलिप नोएल-बेकर पुढे मजूर पक्षाचे खासदार आणि मंत्री झाले, आणि निःशस्त्रीकरणाच्या कार्याबद्दल त्यांना १९५९ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकणारे लॉर्ड बर्ली हुजूर पक्षातर्फे निवडून आले, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकच्या संयोजन समितीचे प्रमुख झाले आणि आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाचे अध्यक्षपद त्यांनी तीस वर्षे भूषवले. सेबॅस्टियन को यांची कारकीर्द वरवर पाहता बर्ली यांच्याच वाटेने गेलेली दिसते, कारण ऑलिम्पिक सुवर्ण, हुजूर पक्षाची खासदारकी, लंडनच्या ऑलिम्पिकचे संयोजन आणि जागतिक महासंघाचे अध्यक्षपद हे चारही टप्पे तिच्यातही येतात. तरीही दोघांत एक मोठा फरक आहे. खेळाडूने कोणत्या देशात खेळावे आणि कोणत्या देशात खेळू नये हे ठरवण्याचा अधिकार सरकारचा की खेळाडूचा, या प्रश्नाला को यांना वयाच्या तेविसाव्या वर्षीच सामोरे जावे लागले. पंतप्रधानांची इच्छा डावलून ते १९८० साली मॉस्कोला गेले, आणि पस्तीस वर्षांनंतर रशियाच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेला स्पर्धेबाहेर ठेवण्याचा निर्णय त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाला.

को यांचा जन्म २९ सप्टेंबर १९५६ रोजी लंडनमधील चिझिक येथे झाला. त्यांच्या आईचे वडील सरदारीलाल मल्होत्रा हे पंजाबी हॉटेल-व्यावसायिक होते, त्यामुळे या इंग्रज धावपटूच्या घराण्यात एक भारतीय धागाही आहे. वडील पीटर को व्यवसायाने अभियंते होते आणि सुऱ्या-काट्यांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्ड शहरातील एका कारखान्यात काम करीत. मुलगा बाराव्या वर्षी हॅलमशर हॅरियर्स या स्थानिक क्लबात दाखल झाल्यावर पीटर यांनी स्वतः त्याचे प्रशिक्षण हाती घेतले. त्यांनी स्वतः कधी स्पर्धात्मक धावणे केलेले नव्हते, आणि हीच गोष्ट बहुधा पथ्यावर पडली, कारण रूढ पद्धतींचे कोणतेही ओझे त्यांच्यावर नव्हते.

त्या काळी मध्यम पल्ल्याच्या, म्हणजे ८०० मीटरपासून १५०० मीटर आणि एक मैल (१६०९ मीटर) इथपर्यंतच्या शर्यतींसाठी न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांची पद्धत प्रमाण मानली जाई आणि तिचा भर आठवड्याला शंभर मैल धावून दमसास वाढवण्यावर असे. पीटर को यांचा विचार याच्या नेमका उलट होता. जी शर्यत वेगाने धावायची तिची तयारीही वेगानेच झाली पाहिजे, अशी त्यांची धारणा असल्यामुळे त्यांनी अंतर कमी ठेवून तीव्रता वाढवली. या शर्यतींची अवघड बाजू लक्षात घेतली म्हणजे या विचाराचे महत्त्व कळते. ८०० मीटरमध्ये शरीराला लागणारा सगळा प्राणवायू श्वासावाटे मिळू शकत नाही, स्नायूंमध्ये आम्लता साचत जाते, आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये कोण अधिक वेगवान आहे यापेक्षा कोणाचा वेग कमी घसरतो यावर निकाल ठरतो. लफबरो विद्यापीठात अर्थशास्त्र आणि सामाजिक इतिहास शिकत असताना जॉर्ज गँडी या प्रशिक्षकांनी को यांच्याकडून वजनांचे आणि उड्यांचे व्यायाम करून घेतले, आणि हलक्या चणीच्या या तरुणाच्या अंगी वेगाबरोबर बळही आले.

त्याचे फळ १९७९ च्या उन्हाळ्यात दिसले. ५ जुलै रोजी ऑस्लोच्या बिस्लेट मैदानावर को यांनी ८०० मीटर अंतर १ मिनिट ४२.३३ सेकंदांत धावून क्यूबाच्या अल्बेर्तो ह्वान्तोरेना यांचा विश्वविक्रम एका सेकंदाहून अधिक फरकाने मोडला, १७ जुलैला त्याच मैदानावर मैलाचा विक्रम ३ मिनिटे ४८.९५ सेकंदांवर आणला आणि १५ ऑगस्टला झुरिक येथे १५०० मीटरचा विक्रमही ३ मिनिटे ३२.०३ सेकंद अशा वेळेने आपल्या नावावर केला. एक्केचाळीस दिवसांत तीन विश्वविक्रम करणाऱ्या या विद्यार्थ्यासमोर आता ऑलिम्पिक होते, आणि त्यात प्रतिस्पर्धी म्हणून ब्रायटनचे स्टीव्ह ओव्हेट होते. १९७८ साली प्रागच्या युरोपीय स्पर्धेत हे दोघे ८०० मीटरमध्ये समोरासमोर आले तेव्हा पूर्व जर्मनीच्या ओलाफ बायर यांनी दोघांनाही मागे टाकले होते. ओव्हेट दुसरे आणि को तिसरे आले होते. त्यानंतर ब्रिटिश वृत्तपत्रांनी या स्पर्धेला वर्गभेदाचा रंग दिला. बाजारात माल विकणाऱ्याचा मुलगा म्हणून ओव्हेट आणि विद्यापीठात शिकलेला सौम्य तरुण म्हणून को, अशी दोन ठोकळेबाज चित्रे वाचकांपुढे सतत ठेवली गेली. दोघांवरही त्यांतून अन्यायच झाला.

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि या क्रीडाकथेत जागतिक राजकारण उतरले. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्काराची हाक दिली. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी तिला मनापासून पाठिंबा दिला आणि जानेवारी १९८० मध्ये ब्रिटिश ऑलिम्पिक असोसिएशनचे अध्यक्ष सर डेनिस फॉलोज यांना पत्र लिहून आपली भूमिका कळवली. १७ मार्च रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ३१५ विरुद्ध १४७ मतांनी बहिष्काराच्या बाजूने कौल दिला. तथापि ब्रिटनमधील घटनात्मक स्थिती अशी होती की ऑलिम्पिक असोसिएशन ही सरकारी संस्था नव्हती आणि कोणत्याही नागरिकाला परदेशी जाऊन धावण्यास मनाई करणारा कायदा नव्हता, त्यामुळे पार्लमेंटचा ठराव हा आदेश न ठरता सल्लाच ठरत होता. आठच दिवसांनी, २५ मार्चला, असोसिएशनने मॉस्कोचे निमंत्रण स्वीकारले. सरकारने मग हाताशी असलेली साधने वापरली आणि सैन्यातील व नागरी सेवेतील खेळाडूंना स्पर्धेसाठी खास रजा नाकारली. घोडेस्वारी, हॉकी आणि नौकानयन यांच्या संघटनांनी आपापले संघ स्वतःहून मागे घेतले.

या काळात खेळाडूंवर आलेला दबाव आज पूर्णपणे लक्षात येत नाही. वीस-बावीस वर्षांच्या तरुणांना देशनिष्ठेविषयी जाहीर प्रश्न विचारले जात होते, आणि व्यापार तसाच चालू ठेवून केवळ खेळाडूंकडून त्यागाची अपेक्षा केली जात होती. त्या काळच्या हौशी नियमांनुसार धावण्यातून उत्पन्न मिळवणे निषिद्ध होते, म्हणजे ज्यांच्याकडून त्याग मागितला जात होता त्यांच्या पदरी चार वर्षांतून येणाऱ्या या एका संधीखेरीज दुसरे काही नव्हते. को यांनी जाण्याचा पक्ष घेतला. त्यांच्या निर्णयाला तत्त्वाचा आधार होता असे म्हणणे योग्य ठरते, कारण परराष्ट्र धोरणाचा सगळा भार एका क्रीडास्पर्धेवर टाकणे त्यांना मान्य नव्हते. पश्चिम जर्मनीत याच्या उलट घडले. माँट्रियल येथे १९७६ साली सांघिक तलवारबाजीत सुवर्णपदक मिळवलेले थॉमस बाख हे पश्चिम जर्मन खेळाडूंचे प्रवक्ते म्हणून बहिष्काराविरुद्ध झगडले, परंतु त्यांच्या देशाने संघ पाठवला नाही. हे नाव या कथेत पुन्हा येणार आहे.

१९ जुलैच्या उद्घाटन सोहळ्यात ब्रिटनच्या वतीने डिक पामर हे एकच पदाधिकारी ऑलिम्पिक ध्वज घेऊन चालले. ब्रिटिश खेळाडू जिंकला तर त्याच्यासाठी युनियन जॅकऐवजी पाच वर्तुळांचा ध्वज चढवला जाणार होता आणि राष्ट्रगीताऐवजी ऑलिम्पिक गीत वाजणार होते. भारताने बहिष्कार टाकला नव्हता. याच मॉस्कोत भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक मिळवले, आणि मुंबईचे आदिल सुमारीवाला १०० मीटरच्या शर्यतीत धावले.

२६ जुलैला झालेल्या ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत विश्वविक्रमवीर को यांच्याकडून मोठी चूक झाली. त्यांचे विक्रम पेसमेकरच्या, म्हणजे पहिल्या फेरीत ठरलेला वेग लावून देणाऱ्या साथीदाराच्या, मदतीने झाले होते, तर ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत असा साथीदार नसतो आणि आठही जण एकमेकांवर नजर ठेवून संथ सुरुवात करतात. को मागे राहिले, बाहेरच्या बाजूने धावत राहिल्यामुळे त्यांचे अंतर वाढले, आणि चढाई करायची वेळ आली तेव्हा ओव्हेट गर्दीतून वाट काढून पुढे निघून गेले होते. ओव्हेट यांनी १ मिनिट ४५.४० सेकंदांत सुवर्ण जिंकले. को १ मिनिट ४५.८५ सेकंदांसह दुसरे आले. स्वतःच्या विक्रमापेक्षा साडेतीन सेकंद अधिक वेळ घेऊन मिळालेले ते रौप्यपदक होते. को यांनी ही शर्यत स्वतःच्या कारकिर्दीतील सर्वांत वाईट शर्यत मानली, आणि वडिलांनीही नापसंती लपवली नाही.

सहा दिवसांनी, १ ऑगस्टला, १५०० मीटरची अंतिम शर्यत होती आणि या अंतरावर ओव्हेट १९७७ पासून एकदाही हरले नव्हते. पहिले ८०० मीटर दोन मिनिटांहून अधिक वेळ घेऊन संथपणे गेले. मग पूर्व जर्मनीच्या युर्गेन श्ट्राउब यांनी अचानक वेग वाढवला आणि शेवटपर्यंत कमी होऊ दिला नाही. श्ट्राउब यांच्याजवळ अखेरची झेप नव्हती, म्हणून इतरांच्या पायांतील झेप दुरूनच संपवून टाकण्याचा हा डाव त्यांच्या दृष्टीने बिनचूक होता, आणि तो नकळत को यांच्या उपयोगी पडला. लांबून वाढत जाणारा वेग ही त्यांच्या प्रशिक्षणाची खरी ताकद होती. या वेळी ते श्ट्राउब यांच्या खांद्याला खांदा लावून राहिले, शेवटच्या वळणावर बाहेर आले आणि सरळ भागात आणखी एकदा वेग वाढवून ३ मिनिटे ३८.४० सेकंदांत पोहोचले. श्ट्राउब दुसरे, ओव्हेट तिसरे आले. अंतिम रेषा ओलांडताना को यांच्या चेहऱ्यावर जे भाव होते त्यांत आनंदापेक्षा सुटका अधिक होती, असे त्या क्षणाची छायाचित्रे सांगतात. विजयमंचावर त्यांच्यासाठी त्यांच्या देशाचा ध्वज नव्हता.

पुढच्या वर्षीचे त्यांचे धावणे शुद्ध क्रीडादृष्टीने कदाचित अधिक थोर होते. १९८१ च्या जूनमध्ये फ्लॉरेन्स येथे त्यांनी ८०० मीटरमध्ये नोंदवलेली १ मिनिट ४१.७३ सेकंदांची वेळ सोळा वर्षे विश्वविक्रम म्हणून टिकली, आणि ऑगस्टमध्ये मैलाचा विक्रम को व ओव्हेट यांच्यात दहा दिवसांत तीनदा हस्तांतरित होऊन अखेर ३ मिनिटे ४७.३३ सेकंदांवर को यांच्याकडे राहिला. याच वर्षी बाडेन-बाडेन येथील ऑलिम्पिक महासभेत प्रथमच खेळाडूंना बोलण्याची संधी मिळाली. को यांनी तेथे उत्तेजक द्रव्ये घेणाऱ्यांवर आजन्म बंदीची मागणी केली. त्या सभेतून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचा खेळाडू आयोग जन्माला आला. मॉस्कोला गेलेले को आणि मॉस्कोला जाऊ न शकलेले बाख हे दोघे तेथे खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून एकत्र आले होते, आणि राजकीय कारकिर्दीची खरी सुरुवात दोघांच्याही बाबतीत याच सभागृहात शोधावी लागते.

१९८३ साली टॉक्सोप्लाझ्मोसिस या परजीवीजन्य आजाराने को यांना पहिल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेस मुकावे लागले, तरी लॉस एंजेलिस येथे १९८४ मध्ये त्यांनी ३ मिनिटे ३२.५३ सेकंदांच्या ऑलिम्पिक विक्रमासह १५०० मीटरचे सुवर्णपदक राखले. हे अजिंक्यपद लागोपाठ दोनदा जिंकणे त्यापूर्वी कोणत्याही पुरुष धावपटूला साधले नव्हते. १९८६ साली ते ८०० मीटरमध्ये युरोपचे विजेते झाले, १९८८ च्या सोल ऑलिम्पिकसाठी मात्र निवड समितीने त्यांना वगळले, आणि १९९० मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली.

१९९२ च्या निवडणुकीत कॉर्नवॉलमधील फॅलमथ आणि कॅम्बॉर्न या मतदारसंघातून ते हुजूर पक्षाचे खासदार झाले. ज्या पक्षाच्या सरकारने त्यांना मॉस्कोला न जाण्यास सांगितले होते त्याच पक्षात ते गेले, यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. १९८० चा मतभेद एका प्रश्नापुरता होता आणि को यांची आर्थिक व सामाजिक मते त्या पक्षाशी जुळणारी होती. खासदार म्हणून त्यांची कामगिरी सामान्यच राहिली. १९९७ च्या मजूर लाटेत त्यांची जागा गेली, त्यानंतर पक्षनेते विल्यम हेग यांच्या कार्यालयाचे ते प्रमुख झाले, आणि २००० साली आजीव उमराव म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये दाखल झाले. निवडणुकीच्या राजकारणाने त्यांना फारसे दिले नाही. मात्र मते कशी मोजावीत आणि कशी मिळवावीत हे त्यांनी तेथे शिकून घेतले.

त्याचा उपयोग लंडनला झाला. मे २००४ मध्ये को २०१२ च्या ऑलिम्पिकसाठीच्या लंडनच्या दावेदारीचे प्रमुख झाले तेव्हा पॅरिसचे पारडे जड मानले जात होते. ६ जुलै २००५ रोजी सिंगापूरच्या बैठकीत, पूर्व लंडनमधील मुलांना सोबत नेऊन, को यांनी आपली बाजू मांडली. शेफील्डच्या शाळेत बाराव्या वर्षी दूरचित्रवाणीवर १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये आपल्याच शहरातील जॉन आणि शीला शेरवुड हे दांपत्य पदके मिळवताना पाहिले आणि तेव्हाच धावण्याचे ठरवले, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. लंडनला ५४ आणि पॅरिसला ५० मते मिळाली. दुसऱ्याच दिवशी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांत ५२ जण ठार झाले, आणि संयोजनाच्या सात वर्षांवर सुरक्षेची व खर्चाची चिंता कायम राहिली. सार्वजनिक खर्चाची मर्यादा ९.३ अब्ज पौंडांपर्यंत वाढवावी लागली, आणि हा पैसा पूर्व लंडनच्या गरीब वस्त्यांना नेमका किती लाभला याविषयी मतभेद अद्याप आहेत. स्पर्धा मात्र उत्तम पार पडली, आणि ९ ऑगस्टच्या रात्री केनियाच्या डेव्हिड रुडिशा यांनी कोणत्याही पेसमेकरविना, पहिल्या पावलापासून आघाडीवर राहून ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून नवा विश्वविक्रम केला.

दोनच दिवसांनी त्याच मैदानावर महिलांची ८०० मीटरची अंतिम शर्यत झाली आणि को यांच्या पुढील दशकातील जवळजवळ सगळी गुंतागुंत त्या एका शर्यतीत सामावलेली होती. रशियाच्या मारिया साविनोव्हा पहिल्या आल्या, दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्टर सेमेन्या दुसऱ्या. १९ ऑगस्ट २०१५ रोजी बीजिंग येथे युक्रेनचे पोलव्हॉल्टपटू सर्गेई बुब्का यांचा ११५ विरुद्ध ९२ मतांनी पराभव करून को जागतिक महासंघाचे अध्यक्ष झाले तेव्हा रशियातील उत्तेजकांचे जाळे उघड होऊ लागले होते, आणि ते उघड करणाऱ्यांत युलिया स्टेपानोव्हा या ८०० मीटरच्याच धावपटू होत्या. को यांची सुरुवात चांगली झाली नाही. त्यांनी वृत्तमाध्यमांतील आरोपांना आपल्या खेळाविरुद्धचे युद्ध ठरवले होते आणि मावळते अध्यक्ष लामिन दियाक यांची जाहीर स्तुती केली होती. काही आठवड्यांतच दियाक यांना फ्रेंच पोलिसांनी भ्रष्टाचाराच्या आरोपावरून ताब्यात घेतले, आणि २०२० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. को अनेक वर्षे दियाक यांचे उपाध्यक्ष होते. त्यांना किती ठाऊक होते याविषयीची त्यांची उत्तरे दिशाभूल करणारी होती, असा निष्कर्ष ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने २०१८ मध्ये काढला. को यांनी तो नाकारला. त्यांच्या कारकिर्दीवरचा हा डाग गंभीर आहे आणि पुढील चांगल्या कामाने तो झाकता येत नाही.

१३ नोव्हेंबर २०१५ रोजी महासंघाच्या कार्यकारी मंडळाने २२ विरुद्ध १ मताने रशियाच्या संघटनेला निलंबित केले. रिओच्या ऑलिम्पिकपूर्वी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीपुढे संपूर्ण रशियाला वगळण्याचा प्रश्न आला, तेव्हा समितीचे अध्यक्ष थॉमस बाख होते. १९८० मध्ये देशाच्या निर्णयाची किंमत मोजलेल्या बाख यांनी सरसकट बंदी नाकारून निर्णय एकेका महासंघावर सोपवला; मॉस्कोत धावलेल्या को यांच्या महासंघाने बंदी कायम ठेवली आणि रिओत रशियाची एकच अ‍ॅथलीट उतरली. बाहेरच्या, विश्वासार्ह यंत्रणेकडून तपासणी झालेल्या रशियन खेळाडूंना पुढे देशाच्या ध्वजाविना, तटस्थ म्हणून उतरू देण्यात आले. मॉस्कोतील को यांच्या स्थितीशी हे साम्य वरवरचे आहे. तेथे ध्वज सोडणे हा खेळाडूंनी जाण्यासाठी शोधलेला मार्ग होता, येथे तो संघटनेच्या फसवणुकीचा दंड होता. २०२२ च्या मार्चमध्ये मात्र, युक्रेनवरील आक्रमणानंतर, को यांच्या महासंघाने रशिया आणि बेलारूस यांच्या सर्व खेळाडूंना वगळले तेव्हा कारण उत्तेजकांचे नव्हते, परकीय भूमीवर गेलेल्या फौजांचे होते. १९८० साली थॅचर यांनी दिलेले कारणही तेच होते, आणि या बदललेल्या भूमिकेचे पुरेसे स्पष्टीकरण को यांच्या कृतीतून मिळत नाही.

साविनोव्हा यांचे लंडनचे सुवर्णपदक २०१७ मध्ये काढून घेऊन सेमेन्या यांना देण्यात आले. परंतु २०१९ पासून, जन्मतः लैंगिक विकासात भिन्नता असलेल्या स्त्रियांना ४०० मीटर ते मैल या शर्यतींत भाग घेण्यासाठी टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक औषधाने कमी करण्याची सक्ती करणारे नियम लागू झाले, सेमेन्या यांनी ते नाकारले, आणि त्यांची ८०० मीटरची कारकीर्द तेथेच थांबली. ओडिशाच्या धावपटू द्युती चंद यांनी २०१५ मध्ये क्रीडा लवादाकडून अशाच जुन्या नियमांना स्थगिती मिळवली होती. सेमेन्या यांचा दावा मात्र लवादाने फेटाळला. स्वित्झर्लंडच्या न्यायालयात त्यांना न्याय्य सुनावणी मिळाली नाही, असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. स्त्रियांचा गट राखण्यासाठी सीमा हवी हे को यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे, पण त्या सीमेची मोठी किंमत एका निरपराध धावपटूने मोजली हेही तितकेच खरे आहे.

२०२३ साली बुडापेस्टमध्ये को बिनविरोध पुन्हा अध्यक्ष झाले आणि मॉस्कोत धावलेले मुंबईचे सुमारीवाला त्यांच्या चार उपाध्यक्षांपैकी एक म्हणून निवडून आले. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमधील प्रत्येक अ‍ॅथलेटिक्स विजेत्याला ५० हजार डॉलर देण्याची घोषणा को यांनी केली, आणि ऑलिम्पिक समितीला न विचारता घेतलेल्या या निर्णयाने इतर खेळांचे महासंघ नाराज झाले. २० मार्च २०२५ रोजी ग्रीसमधील कोस्टा नावारिनो येथे बाख यांचा उत्तराधिकारी निवडण्यासाठी समितीचे सदस्य एकत्र आले. सात उमेदवारांत को होते. झिंबाब्वेच्या माजी जलतरणपटू आणि क्रीडामंत्री कर्स्टी कोव्हेंट्री यांनी पहिल्याच फेरीत ९७ पैकी ४९ मते मिळवली. बाडेन-बाडेनच्या सभेला त्या वेळी चव्वेचाळीसावे वर्ष चालू होते. को यांना आठ मते पडली.